मोटार विम्यातील दुरुस्ती भरपाई

मोटार विम्यातील दुरुस्ती भरपाई म्हणजे विमापत्रात नमूद केलेल्या कारणांमुळे वाहनाचे नुकसान झाल्यास त्याच्या दुरुस्तीच्या खर्चापैकी विमा कंपनीने द्यावयाचा भाग होय. भारतात ही भरपाई मोटार विमापत्राच्या ‘ओन डॅमेज’ म्हणजे स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीविषयीच्या विभागाखाली मिळते. कोणता भाग बिघडला यापेक्षा तो कशामुळे बिघडला, हा प्रश्न भरपाईच्या दृष्टीने पहिला असतो. एकच इंजिन झिजून बंद पडले तर विमा कंपनीचे दायित्व नसते. टक्कर होऊन फुटले तर असते. आणि पुराच्या पाण्यात बंद पडले तर उत्तर चालकाने त्यानंतर काय केले यावर अवलंबून राहते.

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत अतिवृष्टी, नद्यांचे पूर, खाडीलगतची खारी हवा, औद्योगिक वाहतूक आणि दीर्घकाळ रखडलेले महामार्गाचे काम हे सारे एकत्र आढळते. त्यामुळे मोटार विम्याच्या बहुतेक तरतुदी आणि त्यांविषयीचे वाद समजून घेण्यास हा परिसर सोयीचा आहे. प्रस्तुत लेखातील नियम देशभर लागू असून स्थानिक उदाहरणे या दोन तालुक्यांतील आहेत.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवण्यासाठी त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. या विम्यातून अपघातात सापडलेल्या दुसऱ्या व्यक्तीला किंवा तिच्या मालमत्तेला भरपाई मिळते. विमाधारकाच्या स्वतःच्या वाहनाच्या दुरुस्तीसाठी एक रुपयाही मिळत नाही. पेण येथील परिवहन कार्यालयात एमएच-०६ या क्रमांकाखाली नोंदलेल्या वाहनालाही ही सक्ती तेवढीच लागू आहे. वाहतूक पोलिसांना दाखवण्यापुरता घेतलेला स्वस्त विमा बहुधा याच प्रकारचा असतो, आणि ही गोष्ट अनेक वाहनमालकांना अपघातानंतर प्रथम कळते.

स्वतःच्या वाहनाचे नुकसान भरून हवे असल्यास सर्वसमावेशक विमापत्र घ्यावे लागते. १ सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेजचे स्वतंत्र विमापत्रही मिळू लागले, त्यामुळे दोन विमे दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेता येतात. विमापत्राची आजची शब्दरचना मुख्यतः १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या इंडिया मोटर टॅरिफ या दरपत्रकातून आली आहे. १ जानेवारी २००७ पासून हप्त्याचे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली, परंतु विमापत्राच्या मूळ अटी बव्हंशी तशाच राहिल्या. म्हणून कंपनी कोणतीही असली तरी मूळ विमापत्रातील दुरुस्तीविषयक तरतुदी सहसा सारख्याच आढळतात; फरक असतो तो जादा हप्ता भरून घ्यावयाच्या पुरवणी संरक्षणांत.

संरक्षित कारणे

प्रमाणित विमापत्रात पुढील कारणे मोजून दिलेली असतात: आग, स्फोट, आपोआप पेट घेणे व वीज पडणे; घरफोडी व चोरी; दंगल व संप; भूकंप; पूर, वादळ, चक्रीवादळ, गारपीट व जलमयता; बाह्य कारणाने झालेला अपघात; दुष्ट हेतूने केलेले नुकसान; दहशतवादी कृत्य; रस्ता, रेल्वे, अंतर्देशीय जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने वाहून नेताना झालेले नुकसान; आणि दरड किंवा खडक कोसळणे. रोहा तालुक्यातील कोलाड स्थानकातून कोकण रेल्वेच्या रो-रो सेवेने वाहन पाठवताना झालेली हानी यांपैकी रेल्वे वाहतुकीच्या कारणात मोडते. रोहा–नागोठणे रस्त्यावरील भिसे खिंडीसारख्या ठिकाणी वाहनावर दगड आल्यास शेवटचे कारण लागू होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झाडे, विजेचे खांब व पत्रे पडले. उभ्या मोटारीवर झाड पडून टप दबणे, काच फुटणे, पत्र्याने रंग खरवडला जाणे ही वादळाच्या कारणाखालील सरळ उदाहरणे होत. अशा दाव्यात वाहन चालू असणे किंवा चालकाचा दोष असणे आवश्यक नसते. मात्र ज्यांच्याकडे केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा होता, त्यांना या विम्यातून काहीही मिळण्याची सोय नव्हती.

पुराचे पाणी आणि इंजिन

पेण शहर भोगावती नदीकाठी, रोहा शहर कुंडलिका नदीकाठी आणि रोहा तालुक्यातील नागोठणे अंबा नदीकाठी वसले आहे. कुंडलिकेत पावसाच्या पाण्याबरोबर भिरा जलविद्युत प्रकल्पातून सोडलेले पाणीही येते. जुलै १९८९ मध्ये अंबेला आलेल्या पुराने जांभूळपाडा व नागोठणे परिसरात मोठी हानी केली होती. त्यानंतरही पावसाळ्यात या नद्या इशारा पातळी ओलांडण्याचे प्रसंग वारंवार येतात. पेण तालुक्याच्या खारेपाटात भरतीच्या वेळी पावसाचे पाणी ओसरण्यास वेळ लागतो, त्यामुळे सखल रस्ते तासन्‌तास पाण्याखाली राहतात.

पूर हे संरक्षित कारण असल्याने पाण्यात बुडालेल्या मोटारीची आसने, गालिचा, विद्युत जोडण्या, दिवे, सेन्सर इत्यादींची दुरुस्ती किंवा बदल सर्वसमावेशक विम्यात मोडतो. वाद उद्भवतो तो इंजिनाबाबत. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते. पाणी मात्र दाबले जात नाही. हवेच्या नळीतून पाणी आत गेलेले असताना इंजिन सुरू केले, किंवा पाण्यातून जाताना बंद पडलेले इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला, तर पिस्टनला अडथळा होऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, काही वेळा इंजिनाचा ब्लॉकही फुटतो. यास हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. गॅरेजमध्ये याला सरसकट ‘इंजिन जाम झाले’ असे म्हटले जाते.

विमा कंपन्यांचे म्हणणे असे की, हे नुकसान पुराने नव्हे तर पुरानंतरच्या कृतीने झाले. ते परिणामजन्य नुकसान असून विमापत्राने वगळलेले आहे. याला आणखी एका अटीचा आधार दिला जातो. अपघात किंवा बिघाडानंतर अधिक नुकसान टाळण्याची काळजी विमाधारकाने घ्यावयाची असते आणि आवश्यक दुरुस्तीपूर्वी वाहन चालवल्यास वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी सर्वस्वी त्याच्यावर येते. दुसरी बाजू अशी की, रस्त्यात अचानक पाणी चढून चालते इंजिन बंद पडले तर चालकाने काही केले असे म्हणता येत नाही. तेथे पूर हेच निकटचे कारण ठरते. असे वाद ग्राहक आयोगांपुढे वारंवार जातात आणि त्यांचा निकाल घटनाक्रमाच्या पुराव्यावर फिरतो: वाहन उभे होते की चालू, पाणी किती उंचीवर होते, इंजिन बंद पडल्यानंतर चावी फिरवली गेली का.

उभी मोटार बुडाली असेल तर इंजिन उघडून साफ करणे, तेल व फिल्टर बदलणे एवढ्यावर काम भागण्याची शक्यता असते. म्हणून पाण्यात बुडालेल्या वाहनाची चावी न फिरवता, शक्य असल्यास बॅटरीची तार सोडवून, ते ओढून गॅरेजमध्ये नेणे हा यांत्रिकदृष्ट्या तसेच विम्याच्या दृष्टीनेही योग्य मार्ग मानला जातो. स्वयंचलित गिअरच्या वाहनाला दोरी बांधून ओढल्यास गिअरबॉक्सचे नुकसान होऊ शकते. त्यासाठी चाके उचलून किंवा संपूर्ण वाहन गाडीवर चढवून नेणारे साधन लागते.

इंजिन संरक्षण या नावाची पुरवणी जादा हप्ता भरून घेता येते. तिच्यात पाणी शिरल्याने वा वंगण तेल गळल्याने इंजिन व गिअरबॉक्सच्या अंतर्गत भागांना पोहोचलेली हानी भरून मिळते. पुरवणीच्या अटी कंपनीगणिक बदलतात. वारंवार इंजिन सुरू करण्याविषयीचे अपवाद तिच्यातही असू शकतात. नदीकाठच्या किंवा खारेपाटातील वाहनमालकाला हप्ता वाचवण्यासाठी जी पुरवणी प्रथम सोडावीशी वाटते, ती बहुधा हीच असते. आणि या परिसरात सर्वांत मोठे बिल टाळणारीही हीच आहे.

महामार्गावरील नुकसान

मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६ (पूर्वीचा क्र. १७) पेण, वडखळ, नागोठणे व कोलाड मार्गे जातो. यातील पनवेल–इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि एका दशकाहून अधिक काळ रेंगाळले. पावसाळ्यातील खड्डे, अर्धवट पूल आणि बदलते वळणमार्ग यांमुळे वाहनांच्या खालच्या भागाचे नुकसान हा येथील नित्याचा विषय झाला.

खड्ड्यात चाक आदळणे हा बाह्य कारणाने झालेला अपघातच होय. पण त्यातून मिळणारी भरपाई भागागणिक वेगळी असते. केवळ टायर फाटला किंवा टायरला फुगा आला तर मूळ विमापत्रातून काहीच मिळत नाही. टायरबरोबर वाहनाच्या अन्य भागाचेही नुकसान झाले असेल तरच टायर विचारात घेतला जातो, आणि तेव्हाही नव्या टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंतच. आदळल्याने सस्पेन्शनचा आर्म वाकला असल्यास तो अपघाती नुकसानीत येतो. बुश किंवा शॉकअब्सॉर्बर रोजच्या खड्ड्यांनी हळूहळू निकामी झाला असल्यास ती झीज ठरते. दोहोंतील सीमारेषा नेहमी स्पष्ट नसते. सर्वेक्षक ताजे ओरखडे, वाकलेला धातू, तुटलेल्या कडेचा रंग पाहून निर्णय घेतो: तुटलेली कड चकचकीत असेल तर मोड नवी, गंजलेली असेल तर जुनी.

इंजिनाच्या तळाशी असलेला तेलाचा चेंबर दगडाला लागून फुटणे हे याच रस्त्यावरचे दुसरे उदाहरण आहे. फुटलेल्या चेंबरची किंमत अपघाती नुकसान म्हणून मिळते. तेल गळत असताना, डॅशबोर्डवरील लाल दिवा लागल्यानंतरही वाहन पुढे दामटले आणि इंजिन जाम झाले, तर इंजिनाचा खर्च वाढीव नुकसान म्हणून नाकारला जातो. काही हजारांच्या आणि लाखाच्या बिलातील फरक अशा वेळी पुढच्या दोन-तीन किलोमीटरवर ठरतो.

वाहन जवळच्या दुरुस्ती केंद्रापर्यंत ओढून नेण्याचा वाजवी खर्च विमापत्रातून मिळतो, परंतु प्रमाणित अटींनुसार खासगी मोटारीसाठी त्याची मर्यादा एका अपघातामागे १,५०० रुपये आणि दुचाकीसाठी ३०० रुपये आहे. रोह्याहून पनवेलपर्यंतचे अंतर ७० किलोमीटरहून अधिक असल्याने तेथील कंपनीच्या सेवा केंद्रात वाहन न्यायचे झाल्यास ही रक्कम अपुरी पडते. त्यासाठी वाढीव टोइंग मर्यादा किंवा रस्त्यावरील साहाय्य ही पुरवणी उपलब्ध असते.

भरपाईतून वगळलेल्या बाबी

झीज, घसारा, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि परिणामजन्य नुकसान हे चार अपवाद सर्वत्र आढळतात. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, वायपर, बॅटरीचे आयुष्य संपणे, वातानुकूलन यंत्रातील गॅस कमी होणे या देखभालीच्या बाबी आहेत. खाडीकाठच्या खाऱ्या हवेने दरवाज्यांच्या कडा, सायलेन्सर व चासी गंजणे हेही क्रमशः होणारे नुकसान असल्याने मिळत नाही. अपघातात दबलेल्या दरवाज्याच्या आत जुना गंज सापडला तर तेवढ्या पत्र्याचे काम सर्वेक्षक वेगळे काढू शकतो.

दुसरा गट चालक व वापर यांविषयीचा आहे. वैध अनुज्ञप्ती नसलेल्या किंवा मद्य अथवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असलेल्या व्यक्तीने वाहन चालवले असल्यास दायित्व उरत नाही. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस (२०२१) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, श्वास वा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी इतर परिस्थितीवरून मद्याचा अंमल सिद्ध करता येतो, असे ठरवले. नोंदणी संपलेले वा नोंदणीच नसलेले वाहन रस्त्यावर आणणे हाही मूलभूत भंग मानला गेला आहे. याउलट प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र नसल्यास अपघाताचा दावा मिळत नाही हा समज चुकीचा असून, विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने ऑगस्ट २०२० मध्ये तसे स्पष्ट केले आहे.

खासगी म्हणून विमा उतरवलेल्या मोटारीतून भाड्याने प्रवासी नेणे किंवा व्यापारी माल वाहणे हा वापराच्या मर्यादेचा भंग ठरतो. पेण हे गणेशमूर्तींच्या निर्मितीचे प्रसिद्ध केंद्र आहे. घरच्या गणपतीची मूर्ती स्वतःच्या मोटारीतून आणण्यास कोणतीही अडचण नाही. ते वैयक्तिक सामान आहे. हंगामात त्याच मोटारीतून विक्रीच्या मूर्ती खेपांवर खेपा करून पोहोचवल्या, तर मात्र अपघातानंतर प्रश्न उपस्थित होऊ शकतो. अशा भंगामुळे दावा पूर्णतः बुडतोच असे नाही. अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२०१०) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वापराच्या मर्यादेचा भंग झाला तरी दावा सर्वस्वी न फेटाळता तो अप्रमाणित पद्धतीने निकाली काढावा, असे म्हटले. या पद्धतीत मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई दिली जाते.

नंतर बसवलेल्या वस्तूंकडेही अनेकदा दुर्लक्ष होते. मोटारीसोबत न आलेला म्युझिक सिस्टम, कॅमेरा, जादा दिवे तसेच बाहेरून बसवलेला सीएनजी संच यांची किंमत विमापत्रात स्वतंत्रपणे नोंदवून जादा हप्ता भरावा लागतो. सीएनजी संचाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रातही हवी.

रकमेची आकारणी

कारण मान्य झाले तरी गॅरेजचे संपूर्ण बिल मिळत नाही. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसवल्याने वाहनमालकाचा फायदा होऊ नये, या तत्त्वावर भागांच्या किमतीतून घसारा वजा होतो. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर वाहनाचे वय काहीही असले तरी ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के घसारा लागतो; काचेवर मुळीच लागत नाही. धातूच्या व इतर भागांवर वयानुसार घसारा वाढतो: सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. मजुरीवर घसारा नसतो. रंगकामात केवळ रंगसाहित्याच्या किमतीवर ५० टक्के कपात होते; बिलात साहित्य व मजुरी वेगळी दाखवली नसेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम साहित्याची धरली जाते. याशिवाय प्रत्येक दाव्यात सक्तीची वजावट असते: १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी १,००० रुपये, त्यावरील मोटारीसाठी २,००० रुपये.

उदाहरणादाखल, साडेतीन वर्षे वयाच्या १,२०० सीसी मोटारीची समोरून धडक झाली असे समजू. गॅरेजचे बिल पुढीलप्रमाणे आहे: प्लॅस्टिकचा बंपर १२,००० रुपये, प्लॅस्टिकचा हेडलाइट ८,०००, पत्र्याचे बोनेट १५,०००, पुढची काच ९,०००, मजुरी १०,००० आणि एकत्रित रंगकाम १६,०००, एकूण ७०,००० रुपये. बंपरचे ६,००० व हेडलाइटचे ४,००० मिळतील. बोनेटवर २५ टक्के घसारा जाऊन ११,२५०. काच व मजुरी पूर्ण म्हणजे १९,०००. रंगकामातील साहित्य ४,००० रुपयांचे धरून त्याचा अर्धा भाग वजा होईल व १४,००० मिळतील. बेरीज ५४,२५० रुपये होते. त्यातून सक्तीची वजावट गेल्यावर कंपनी ५३,२५० रुपये देईल आणि मालकाला १६,७५० रुपये खिशातून भरावे लागतील. बदललेल्या भागांच्या भंगाराची किंमत वजा झाली तर मालकाचा वाटा आणखी वाढेल.

‘झिरो डेप’ या नावाने परिचित असलेली पुरवणी घेतली असल्यास वरील उदाहरणातील घसारा लागत नाही आणि मालकाला मुख्यतः वजावटीचे १,००० रुपयेच सोसावे लागतात. तरीही तेल, कूलंट, ग्रीस, नट-बोल्ट यांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू मिळत नाहीत; त्यांची पुरवणी निराळी असते. झिरो डेप सहसा वाहनाच्या ठरावीक वयापर्यंतच दिली जाते आणि वर्षातील दाव्यांच्या संख्येवर मर्यादा असू शकते.

दुरुस्तीचा एकूण खर्च वाहनाच्या विमा घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर वाहन दुरुस्त न करता पूर्ण नुकसान मानले जाते. हे मूल्य, ज्याला व्यवहारात आयडीव्ही म्हणतात, वाहनाच्या किमतीतून वयानुसार सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के ते पाचव्या वर्षी ५० टक्के इतका घसारा काढून ठरते. हप्ता कमी व्हावा म्हणून ते मुद्दाम कमी दाखवले, तर पुरात बुडालेल्या मोटारीची भरपाईही त्याच प्रमाणात कमी होते.

लहान दुरुस्तीचा दावा करावा का

वर्षभर दावा न केल्यास नूतनीकरणाच्या वेळी ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते. नो क्लेम बोनस म्हणून ओळखली जाणारी ही सूट सलग वर्षांसाठी अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के असते. दावा केला की ती शून्यावर येते. समजा सूट वगळता हप्ता १०,००० रुपये आहे आणि मालकाला ५० टक्के सूट मिळत होती. दाव्यानंतर पहिल्या वर्षी त्याला ५,००० रुपये जादा पडतील, नंतरच्या वर्षांत ३,०००, २,५००, १,५०० व ५००. एकूण १२,५०० रुपये. वाहनाचे मूल्य दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी येईल. तरी चार-पाच हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी दावा करणे बहुतेकदा आतबट्ट्याचे ठरते, एवढे यातून दिसते. दावा दाखल करण्यापूर्वी हा हिशेब फार थोडे लोक करतात. विमापत्राची मुदत संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यासही ही सूट जाते.

सर्वेक्षण आणि गॅरेज

अपघाताची सूचना मिळाल्यावर कंपनी सर्वेक्षक नेमते. तो नुकसान पाहून कोणते भाग बदलायचे, कोणते ठोकून सरळ करायचे आणि मजुरी किती धरायची हे ठरवतो. सर्वेक्षणापूर्वी वाहन उघडले किंवा भाग बदलले तर नुकसानीचा पुरावाच नष्ट होतो. दावे कमी होण्याचे वा फेटाळले जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. घटनास्थळाची, क्रमांक पट्टीसह वाहनाची आणि पुराच्या बाबतीत पाण्याच्या खुणेची छायाचित्रे यासाठी उपयुक्त ठरतात. चोरी, दुखापत किंवा त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान असल्यास पोलिसांत नोंद आवश्यक असते.

कंपनीशी करार असलेल्या गॅरेजमध्ये कॅशलेस पद्धतीने काम होते. तेथे मालक आपला वाटा भरून वाहन ताब्यात घेतो. मालकाच्या पसंतीच्या स्थानिक गॅरेजमध्ये काम केल्यास आधी बिल भरून नंतर परतावा घ्यावा लागतो. पेण किंवा रोह्यातील ओळखीच्या कारागिराकडे मजुरी कमी पडते, पण पक्के बिल आणि भागांच्या पावत्या नसतील तर त्या बचतीचा उपयोग होत नाही.

व्यापारी वाहने

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे तालुक्यात ट्रक, टँकर व टेम्पो यांची वर्दळ असते. मालवाहू वाहनांच्या मूळ विमापत्रात दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बोनेटचे बाजूचे भाग, बंपर व रंगकाम यांचे नुकसान, वाहन पूर्णपणे नष्ट झाल्याखेरीज, वगळलेले असते. ते हवे असल्यास आयएमटी-२३ या क्रमांकाची पुरवणी घ्यावी लागते. टेम्पोचा समोरचा भाग दबल्यावर मालकाला केबिनच्या पत्र्याचे पैसे मिळतात आणि बंपर-हेडलाइटचे मिळत नाहीत, त्यामागे बहुधा ही पुरवणी नसणे हेच कारण असते.

चालकाच्या अनुज्ञप्तीविषयीचा एक जुना वाद मात्र मिटला आहे. हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असलेला चालक ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या एकूण वजनाचे परिवहन वाहन चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात कायम केले.

वापरलेले वाहन घेताना

जुनी मोटार विकत घेतल्यावर विमापत्र आपल्या नावावर करून घेण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १५७ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानले जाते. ओन डॅमेजला ही सवलत लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कंप्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स (१९९६) या प्रकरणात ठरवले. नोंदणी प्रमाणपत्र नावावर झाले पण विमापत्र जुन्या मालकाच्याच नावावर राहिले, अशा स्थितीत अपघात झाला तर दुरुस्तीचा खर्च दोघांपैकी कोणालाही न मिळण्याचा धोका असतो. नो क्लेम बोनस वाहनाबरोबर जात नाही. तो जुन्या मालकाचाच राहतो.

दावा नाकारल्यास

विमा कंपनीने नकाराचे कारण लेखी कळवणे अपेक्षित असते. कोणत्या अटीखाली नकार दिला हे त्या पत्रावरून कळते आणि पुढचा सारा वाद त्याच अटीभोवती फिरतो. सूचना देण्यास झालेला विलंब हे सरसकट नकाराचे कारण होऊ नये, असे नियामकाने सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना कळवले होते. सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे; तो कंपनीवर किंवा विमाधारकावर बंधनकारक नसतो, हे न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार (२००९) या एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करावी लागते. महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नसते, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावयाचा असतो. दुसरा मार्ग ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील जिल्हा आयोगाचा आहे. पेण व रोहा तालुक्यांसाठी हा आयोग अलिबाग येथे असून तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. एकाच दाव्यासाठी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येत नाही.

पुराच्या प्रकरणांत आयोगापुढे कागदपत्रांइतकेच गॅरेजच्या पहिल्या तपासणीच्या नोंदीला महत्त्व येते. वाहन कोणत्या अवस्थेत आले, हवेच्या फिल्टरमध्ये पाणी होते का, तेल दुधाळ झाले होते का, कनेक्टिंग रॉड वाकलेला आढळला का, हे मेकॅनिकने त्याच दिवशी जॉब कार्डवर लिहिले असेल तर कारणाविषयीचा वाद बराच आक्रसतो. ही नोंद इंजिन उघडतानाच, सर्वेक्षकाच्या समक्ष करून घेता येते.